साडेतेरा अंगुळं आणि वर थोडं

स्वाध्यायाला बसलेल्या बायका कथा आली की पुढे सरकतात आणि आकडे आले की भिंतीला टेकतात. आमचं बेळगावचं मंडळ काही वेगळं नाही. प्रथमानुयोग चालू असला की सतरंजी पुरत नाही. करणानुयोग काढला, की वाचणारी बाई स्वतःच "हे सगळं मोजमाप आहे, पुढे घेऊ या" म्हणते, चार पानं उलटते, आणि कुणाची हरकत नसते. द्वीप किती, समुद्र किती, कुठला पर्वत किती योजनं उंच, हे पंडितांनी बघावं. "बायकांना काय करायचंय त्याचं" असं हल्ली कुणी तोंडावर म्हणत नाही. म्हणायची गरजही पडत नाही, आपणच पान उलटतो.

गेल्या चातुर्मासात आम्ही तिलोयपण्णत्ती घेतली होती. यतिवृषभाचार्यांचा हा प्राकृत ग्रंथ सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं पहिलं पुष्प म्हणून छापला, पहिला भाग १९४३ साली आणि दुसरा १९५१ साली. संपादकांत डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. आ. ने. उपाध्ये. उपाध्ये म्हणजे आपल्या सदलग्याचे. त्यांच्या गावातून आमच्या मंडळात दोन सुना आलेल्या आहेत, त्यामुळे पुस्तक हातात घेताना थोडं माहेरचं वाटतं. पण माहेर असो की सासर, चौथ्या महाधिकारात जंबूद्वीपाच्या परिघाचा आकडा आला आणि वाचणारीचा हात सवयीनं पान उलटायला गेला.

"थांबा," थोरल्या अक्का म्हणाल्या. "हा आकडा मोजून लिहिलाय का नुसता सांगितलाय?"

अक्कांचं वय ऐंशीच्या पुढे. निपाणीत सासऱ्यांची तंबाखूची वखार होती, तिथला रोजमेळ आणि खतावणी त्यांनी चाळीस वर्षं सांभाळली. शाळेत रुपये-आणे-पै शिकलेली ही शेवटची पिढी. खतावणीत एक पैसा जमत नसला तर रात्री जेवण जात नसे, असं त्या सांगतात. त्यांचा प्रश्न भक्तीचाही नव्हता, शंकेचाही नव्हता. हिशोब मांडला असेल तर तो तपासता येतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

आकडा असा आहे. जंबूद्वीपाचा व्यास एक लाख योजनं. परिघ ३,१६,२२७ योजनं, ३ कोस, १२८ धनुष्यं आणि साडेतेरा अंगुळांहून काही अधिक. आपल्यातल्या पुष्कळजणींनी पाठशाळेत हा पाठ केलेला असतो. तिलोयपण्णत्ती मात्र अंगुळावर थांबत नाही. अंगुळाचे आठ यव, यवाच्या आठ यूका, यूकेच्या आठ लिक्षा. यूका म्हणजे ऊ आणि लिक्षा म्हणजे लीख हे कळल्यावर मंडळात हशा पिकला, कारण पोरींचे केस विंचरलेल्या आम्ही सगळ्याच. लिक्षेच्या खाली बालाग्र, म्हणजे केसाचं टोक. ते चार प्रकारचं: कर्मभूमीच्या माणसाचं, मग जघन्य, मध्यम आणि उत्तम भोगभूमीच्या माणसाचं, प्रत्येक आधीच्याच्या एक-अष्टमांश. त्याखाली रथरेणू, त्रसरेणू, त्रुटरेणू, सन्नासन्न आणि शेवटी अवसन्नासन्न. एका अवसन्नासन्नात अनंत परमाणू. तिथं मात्र मोजणं थांबतं.

अक्कांनी दुसऱ्या दिवशी शंभरपानी वही आणली.

रीत ग्रंथातलीच. व्यासाचा वर्ग करा, त्याची दसपट करा, त्याचं वर्गमूळ काढा. लाखाचा वर्ग हजार कोटी, दसपट दहा हजार कोटी. वर्गमूळ काढायची जुनी पद्धत अशी, की जवळचा लहान पूर्ण आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग वजा करायचा, आणि जे उरेल त्याला त्या आकड्याच्या दुपटीनं भागायचं. जवळचा आकडा ३,१६,२२७. त्याचा वर्ग ९९,९९,९५,१५,५२९. उरले ४,८४,४७१. भाजक ६,३२,४५४.

पुढचं काम रुपयाचे आणे आणि आण्याच्या पै करण्यासारखंच. उरलेल्याला चारनं गुणलं की कोस: तीन आले, उरले ४०,५२२. त्याला दोन हजारानं गुणलं की धनुष्यं: १२८ आली, उरले ८९,८८८. धनुष्याचे चार हात, हाताची चोवीस अंगुळं, म्हणून शहाण्णवनं गुणायचं: तेरा आली, उरले ४,०७,३४६. हे भाजकाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे साडेतेरा आणि वर थोडं. अक्कांनी पेन खाली ठेवलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या. जमाखर्च जुळला की त्या असंच म्हणतात.

मग आठा-आठानं गुणत गेलो. ५ यव, १ यूका, १ लिक्षा, कर्मभूमीची ६ बालाग्रं, जघन्य भोगभूमीचं शून्य, मध्यमची ७, उत्तमची ५, १ रथरेणू, ३ त्रसरेणू, त्रुटरेणू शून्य, २ सन्नासन्न, ३ अवसन्नासन्न. इतकं करून उरले १,३९,२७८. त्याला आणि भाजकाला सहानं भागलं की २३२१३ छेद १०५४०९ येतात. ग्रंथ उघडला. तिथं तोच अपूर्णांक होता, अंकानं अंक.

पंधरा भागाकार आणि शेवटची बाकीसुद्धा नोंदवलेली! मी मराठीची बाई, गणिताशी माझं फार सख्य कधी नव्हतं, पण त्या दुपारी अंगावर शहारा आला. आकड्याच्या मोठेपणानं नव्हे. एवढं मोजल्यावरही "संपलं" न म्हणता, हे इतकं अजून राहिलंय असं लिहून ठेवणाऱ्या त्या माणसाच्या स्वभावानं.

आता तरुण मुलींना वहीवर विश्वास कमी आणि मोबाइलवर जास्त. एकीनं लगेच सगळं अवसन्नासन्नात रूपांतरित केलं तर एकूण किती, हे बघायला घेतलं. उत्तर तेवीस अंकी येतं: १६,६८,९४,१३,०७,६५,८३,७५,८८,६१,८४३. तिनं हाच आकडा नवऱ्याच्या ऑफिसच्या कामातल्या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये भरला आणि स्क्रीन आम्हाला दाखवली. पहिले पंधरा अंक बरोबर होते. पुढच्या आठ अंकांच्या जागी आठ शून्यं.

"बाकीचे कुठे गेले?" अक्कांनी विचारलं. "आणि विचारलं का त्यानं, काढू का म्हणून?"

विचारलं नव्हतं. हे तक्ते पंधरा अंक सांभाळतात, पुढचे सोडून देतात. ते बनवणाऱ्यांनी तसं जाहीर केलेलं असतं, पण वापरणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं?

माझी भाची बेंगळुरूला असते. पुलांचे आणि यंत्रांच्या कंपनांचे हिशोब करणारी सॉफ्टवेअरं जिथं लिहितात तिथं ती काम करते. नेमकं काय करते हे लग्नघरात कुणी विचारलं तर ती "कॉम्प्युटरचं" एवढंच सांगते, कारण खरं सांगितलं तर समोरची बाई श्रीखंड वाढायला निघून जाते. यावेळी मी फोन करून खोदून विचारलं, आणि कळलं की ती नेमकं हेच काम करते. नेहमीच्या अंकांची लांबी कुठं कमी पडते ते शोधायचं, आणि तिथं लांब अंकांची साधनं बसवायची.

"आत्या, कॉम्प्युटरला पोतं नसतं, डबे असतात," ती म्हणाली. "ठरावीक मापाचे."

तिनं सांगितलेलं मला जसं समजलं तसं सांगते. यंत्राच्या आत आकडे शून्य आणि एक या दोनच खुणांत लिहिलेले असतात. बहुतेक सगळी गणिती सॉफ्टवेअरं ज्या मापात मोजतात त्याला डबल प्रिसिजन म्हणतात. १९८५ साली त्याचा नियम ठरला, आयईईई ७५४ नावाचा. त्यात आकड्याच्या मुख्य भागाला ५३ जागा असतात. आपल्या दशमान पद्धतीत सुमारे सोळा अंक. पूर्णांक एकही न गाळता मोजायचे तर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंत. त्यापुढं यंत्र मोजतं, पण पायऱ्या गाळत मोजतं. दुसरी अडचण अपूर्णांकांची. आपल्याला एक-तृतीयांश दशांशात पुरा लिहिता येत नाही, तीन-तीन-तीन चालूच राहतं. यंत्राला तसाच एक-दशांश पुरा लिहिता येत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज कित्येक भाषांत ०.३०००००००००००००००४ अशी येते.

दुपदरी फडकं असं मी त्याचं नाव ठेवलं. आपण पाणी गाळतो ते फडकं दुहेरी करून. रोजच्या पाण्याला ते पुरतं. पण गाळून झाल्यावर फडक्यावर जे राहतं ते आपण मोरीत झटकत नाही. ज्या आडाचं पाणी, त्याच आडात ते हळूच परत सोडायचं, हे आजीनं शिकवलेलं. यंत्राचं दुपदरी फडकं नेमकं इथंच वेगळं. त्यावर राहिलेलं ते झटकून टाकतं, आणि टाकलं हेही सांगत नाही.

एवढ्याशा टाकण्यानं होतं काय, असं वाटेल. आपण व्यापारी समाज, म्हणून बाजाराचंच उदाहरण देते. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक सुरू केला, १००० या आकड्यापासून. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्यानं काढायचा आणि तीन दशांश स्थळं ठेवायची. पुढचे अंक जवळच्या आकड्याला न आणता नुसते कापायचे. दिवसात हजारो वेळा हे कापणं होई. बाजार बरा चाललेला, आणि निर्देशांक मात्र घसरत घसरत नोव्हेंबर १९८३ मध्ये ५२४ च्या आसपास आला. सगळं नव्यानं मोजलं तेव्हा खरा आकडा १०९८ च्या वर निघाला. निम्म्याहून जास्त गेलं ते चिमटी-चिमटीनं. अक्कांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मापाड्याचा अंगठा." वखारीत प्रत्येक मापाला अंगठा आत ठेवणारा मापाडी असतो ना, तोच. एका मापात काही दिसत नाही.

अंक जास्त ठेवायची गरज सगळ्यात जास्त कुठं लागते, तर दोन जवळजवळ सारखे मोठे आकडे एकमेकांतून वजा करताना. आमच्याच वहीतलं बघा. दहा हजार कोटींतून ९९,९९,९५,१५,५२९ वजा केले. अकरा-बारा अंकी आकडे, आणि उरले फक्त सहा अंक. समजा आपलं यंत्र आठच अंक ठेवणारं आहे. ते त्या वर्गाला ९९,९९,९५,१६,००० म्हणणार. एवढ्या मोठ्या आकड्यात ४७१ चा फरक म्हणजे काहीच नाही. पण बाकी ४,८४,४७१ ऐवजी ४,८४,००० उरते, आणि पुढं १२८ धनुष्यांच्या जागी १२२ येतात. सहा धनुष्यं म्हणजे चोवीस हात, आपल्या बस्तीच्या मंडपाएवढी जागा गायब! चूक भागाकारात नाही. आधी जे फालतू समजून सोडलं, तेच वजाबाकीनंतर मुख्य झालं. भाची म्हणाली, "माझ्या नोकरीचा निम्मा पगार याच एका गोष्टीचा."

मग उपाय काय? लांब अंकांची साधनं. एका डब्यात मावत नाही तर आकड्याचे तुकडे करून डब्यांची ओळ लावायची, आणि आपण शाळेत करतो तसा हातचा एका डब्यातून दुसऱ्यात न्यायचा. जीएमपी नावाचं अशा साधनांचं एक भांडार १९९१ पासून सगळ्यांना मोफत मिळतं. त्याच्या आधारावर फ्रान्समधल्या लोकांनी एमपीएफआर केलं. त्यात तुम्ही सांगाल तितक्या जागांचे अपूर्णांक चालतात, आणि प्रत्येक क्रियेत शेवटचा अंक कुठल्या बाजूला वळवायचा हेही तुम्हीच सांगायचं. पायथन या भाषेत तर पूर्णांकाला लांबीची मर्यादाच नाही, यंत्राच्या स्मृतीत मावेल तितका. अपूर्णांक दशांशात न मोडता अंश-छेद तसेच ठेवायचीही सोय आहे. भाचीनं आमचा हिशोब त्यात चार ओळींत घातला. खाली २३२१३ छेद १०५४०९ उमटलं. तिनं फोनवर ते वाचलं तेव्हा मंडळातल्या बायका अशा खूश झाल्या, जणू भाचीनंच त्यांच्याकडून पासाचं सर्टिफिकेट मिळवलं.

मग सगळीकडे हीच साधनं का नाही वापरत? कारण ती हळू चालतात. डबल प्रिसिजनचा गुणाकार यंत्राच्या अंगातच आहे, एका फटक्यात होतो. लांब अंकांचा गुणाकार तुकड्यातुकड्यानं करावा लागतो. गूळ सोन्याच्या काट्यावर तोलायला घेतला तर गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत उभं राहील. कुठं कुठला काटा, हे ओळखणं हीच खरी विद्या असं भाचीचं मत आहे, आणि मला ते पटतं.

पण तिनं दुसऱ्या दिवशी पाठवलेला निरोप मी जपून ठेवला आहे. आपला तेवीस अंकी आकडा यंत्राच्या खुणांत लिहायला ७४ जागा लागतात. डबल प्रिसिजनकडे ५३. राहिल्या एकवीस. आणि आठपटीची प्रत्येक पायरी म्हणजे बरोबर तीन जागा. म्हणजे खालच्या सात पायऱ्या जातात. अवसन्नासन्नापासून वर सात मोजा: अवसन्नासन्न, सन्नासन्न, त्रुटरेणू, त्रसरेणू, रथरेणू, उत्तम भोगभूमीचं बालाग्र, मध्यम भोगभूमीचं बालाग्र. आजचं नेहमीचं यंत्र जंबूद्वीपाचा परिघ एका आकड्यात ठेवायला गेलं, तर जघन्य भोगभूमीच्या माणसाच्या केसाच्या टोकापाशी येऊन थांबतं. त्याच्याखालचं त्याला दिसत नाही. "आत्या, केसावर अडलं गं," तिनं लिहिलं होतं.

हे ऐकून मंडळाची छाती फुगली. साहजिकच. दशलक्षण पर्वात आलेल्या एका व्याख्यात्यांच्या कानावर ही गोष्ट गेली, आणि त्यांनी व्यासपीठावरून सांगून टाकलं की आजच्या कॉम्प्युटरच्याही पुढचं ज्ञान आपल्या आचार्यांकडे होतं, विज्ञान आता कुठं तिथं पोचतंय. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत आमच्यातल्या एकीचा इंजिनिअर मुलगा बसला होता. बाहेर आल्यावर चपला घालताना तो म्हणाला, "काकू, तेवीस अंक खरे, पण तिसराच अंक चुकलेला आहे त्याचं काय?"

त्याच्या आईनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मला ते आवडलं नाही. मुलगा खरं बोलत होता.

वर्तुळाचा परिघ व्यासाच्या दहाच्या वर्गमुळाइतका नसतो. दहाचं वर्गमूळ ३.१६२२७ असं सुरू होतं, पाय ३.१४१५९ असा. लाख योजनं व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ३,१४,१५९ योजनं आणि वर काही. आपल्या आकड्यात २,०६८ योजनं जास्त आहेत. म्हणजे योजनांच्या हजारांतच फरक, आणि खाली आपण त्रसरेणू मोजतोय. शिवाय दहाच्या वर्गमुळाचाच विचार केला तरी ती जुनी रीत, बाकीला दुपटीनं भागायची, नेहमी किंचित जास्त उत्तर देते. लांब अंकांच्या साधनानं काढलं तर ३ कोस, १२८ धनुष्यं इथपर्यंत जुळतं, आणि अंगुळं मात्र १२.९३ येतात, तेरा पूर्णांक चौसष्ट शतांश नव्हे. गणिताचे इतिहासकार राधाचरण गुप्त यांनी १९७५ सालीच एका लेखात या परिघाचा असा सगळा तपास केलेला आहे. पाऊण अंगुळाहून कमी फरक, पण फरक. अंगुळाच्या पुढचे सगळे यव आणि यूका त्या रीतीचे आहेत, वर्तुळाचे नाहीत.

आणि हे परक्यांनीच दाखवायला हवं होतं असंही नाही. वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत, इसवी सन ८१६ मधली ती, परिघाची दुसरी एक रीत आहे. व्यासाला सोळानं गुणा, सोळा मिळवा, एकशे तेरानं भागा, आणि त्यात तिप्पट व्यास मिळवा. मधले मिळवलेले सोळा बाजूला ठेवले तर हे ३५५ छेद ११३ होतं, आणि ते पायशी सहा दशांश स्थळांपर्यंत जुळतं. म्हणजे एकाच परंपरेत दोन रीती शेजारी-शेजारी नांदल्या. (इथं लगेच स्याद्वाद काढू नका. आपल्याकडे काही जुळलं नाही की स्याद्वादाचं पांघरूण घालायची खोड आहे. दोन उत्तरांत एक जास्त जवळचं असतं, आणि ते मोजून कळतं.)

मी मुलाला दुसऱ्या दिवशी मंडळात बोलावलं, आईच्या नाराजीसकट. त्यानं वहीत पाहिलं, पंधराही भागाकार तपासले, आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे एवढं हातानं?" चपला घालताना केलेली टिंगल परत त्याच्या तोंडात आली नाही, आणि २,०६८ योजनंही त्यानं मागे घेतली नाहीत. दोन्ही त्याच्याकडे राहिलं. मला तेच हवं होतं.

व्याख्यात्यांना मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. लिहिलं एवढंच होतं, की आचार्यांची थोरवी आपण चुकीच्या जागी शोधतोय. तेवीस अंकांत ती नाही. अंक आज कुठलंही यंत्र देतं, पन्नास माग, पाचशे माग. भाचीची सगळ्यात मोठी डोकेदुखी तीच. अंक भरपूर दिसले की माणसाला खरंच वाटतं. रीत ओबडधोबड असली तरी साधन तिचे पाचशे अंक बिनतक्रार देतं, आणि त्यातला कुठला अंक वर्तुळाचा, कुठला नुसत्या रीतीचा, हे कुठंच लिहिलेलं नसतं. म्हणून तिच्या क्षेत्रातल्या लोकांनी आणखी एक प्रकारची साधनं केली. आर्ब हे त्यांतलं एक. ते नुसता आकडा देत नाही. आकडा, आणि तो फार तर केवढ्यानं चुकला असेल ती मर्यादा, अशी जोडी देतं. पुढच्या प्रत्येक बेरीज-गुणाकारात ती मर्यादाही सोबत जाते, वाढली तर वाढलेली दिसते. रीत चुकीची निवडली तर तेही वाचवणार नाही म्हणा. पण अंक झटकून टाकल्याचं लपवत तरी नाही.

भाची हे सांगत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर एक शब्द होता, जो मी लहानपणापासून म्हणत आले आणि ज्याच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. साधिक. साडेतेरा अंगुळांहून काही अधिक. पाठांतराच्या लयीत तो शेपटीसारखा यायचा. तो शेपूट नव्हता. आकडा देऊन वर त्यानं सांगितलेलं होतं की इथं कापलंय, आणि खरं त्याच्या वरच्या बाजूला आहे. त्यांच्या रीतीपुरतं ते अगदी चोख आहे, बाकी चार लाख सात हजार काढून बघा.

पुढचा समुद्र लवणसमुद्र. त्याच्या बाहेरच्या कडेचा व्यास पाच लाख योजनं, परिघ १५,८१,१३९ योजनं. वाचणारीनं आकडा वाचला आणि या वेळी पान उलटलं नाही. आपल्या ग्रंथांत या आकड्याला साधिक म्हणत नाहीत, किंचित ऊन म्हणतात.

"म्हणजे इथं वर नेलाय," अक्का म्हणाल्या. "तिथं खाली सोडला होता, इथं वर नेला, आणि दोन्हीकडे सांगितलं. किती ऊन ते काढा की गं."

वही आता माझ्याकडे होती. पाच लाखाचा वर्ग, त्याची दसपट. जवळचा लहान आकडा १५,८१,१३८, बाकी २६,२४,९५६, भाजक ३१,६२,२७६. भाजकाला बाकी ५,३७,३२० नं कमी पडते. म्हणजे योजनाच्या सहाव्या हिश्श्याला थोडं वर, धनुष्यांत सुमारे १,३५९. अक्कांनी चष्मा वर सरकवून वजाबाकी पुन्हा एकदा करून बघितली, "हं" म्हणाल्या, आणि धातकीखंडाचं पान काढायला सांगितलं.